राजीनामा, नोटीस आणि तारीख

कुळाला जमिनीवरून उठवायला काठी लागत नाही. एक कागद आणि त्यावर शाईचा अंगठा एवढ्यावर भागतं. २८ डिसेंबर १९४८ रोजी मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम अमलात आला, तेव्हा कायदा कुळाच्या बाजूने उभा होता. खंड किती घ्यायचा याला मर्यादा आली. मुदत संपली एवढ्यावर कुळाला काढता येईना. काढायचंच तर कायद्यातलं कारण आणि मामलेदाराचा हुकूम लागू लागला. मागचं एक दार मात्र उघडं राहिलं होतं: कुळाने स्वतः होऊन जमीन सोडली, तर मालकाला फारसं विचारणारं कोणी नव्हतं. मग व्हायचं तेच झालं. गावोगाव कुळं ‘राजीखुशीने’ जमिनी सोडू लागली आणि राजीनाम्याचे कागद तयार होऊ लागले. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी खुदनपूर यांनी या कायद्याच्या सुरुवातीच्या वर्षांची गावोगाव पाहणी केली. पुण्याच्या गोखले संस्थेने १९५७ साली त्यांचा अहवाल छापला. हे राजीनामे कितपत स्वखुशीचे होते याबद्दलची दाट शंका त्या अहवालाने पुढे आणली.

शंका घ्यायला अहवालच हवा होता असंही नाही. ज्याच्या घरून पेरणीला बी यायचं, ज्याच्या वहीत आजारपणाची उचल लिहिलेली असायची, ज्याच्या वाड्यात लग्नाचे मानपान चालायचे, त्यानेच ‘सही कर’ म्हटल्यावर कुळाने कायद्याचं कलम काढून दाखवायचं होतं काय? सही व्हायचीच.

या प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. सातारा-सांगलीत रानातून असो की घरातून, दुकानातून असो की खोलीतून, ज्या माणसाला उठावं लागतं तो बहुतेक वेळा निकाल विरुद्ध लागल्यामुळे उठत नाही. निकाल लागायच्या आधीच तो कुठेतरी सही करतो, नोटीस परत पाठवतो किंवा तारखेला गैरहजर राहतो. त्याच्यासाठी केलेला कायदा मग कपाटातच राहतो. कूळ आणि भाडेकरू यांचे कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, वकीलही बहुधा वेगळे. तरी दोघांना एकाच पुस्तकात बसवलं आहे ते यासाठी, की दोघं हरतात त्या जागा सारख्याच आहेत.

जमिनीची गोष्ट आधी घेऊ, कारण इथे सरकारला स्वतःचा कायदा पुन्हापुन्हा ठिगळं लावून सांधावा लागला. १९५६ च्या दुरुस्तीने राजीनाम्याचं दार बरंचसं लोटलं. राजीनामा तर लेखी हवाच, कुळाने तो मामलेदारासमोर कबूल करायला हवा, तो खरोखर स्वखुशीचा आहे अशी मामलेदाराची खात्री पटायला हवी. आणि एवढं होऊनही सोडलेली सगळी जमीन मालकाला ठेवून घेता येत नव्हती. त्यानंतर १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन, उजाडला. त्या दिवशी कसत असलेलं कूळ कायद्याने जमिनीचं मानीव खरेदीदार ठरलं. तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्रे हे त्यांचं जन्मगाव, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं आणि आताच्या सांगलीतलं. कलम ३२ ग खाली चौकशी व्हायची, आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान किंमत ठरायची, ती हप्त्यांनी भरायची आणि ३२ म चं सर्टिफिकेट हाती यायचं. आजही कुणा म्हाताऱ्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्यांवर विरलेलं ते सर्टिफिकेट सापडतं. घरातल्या पोरांना त्याची किंमत कळते ती बांधाला बांध लागून भांडण पेटल्यावर.

मात्र याच ३२ ग मध्ये दुसरा सापळा होता. चौकशीच्या तारखेला कूळ आलं नाही, किंवा ‘मला जमीन घ्यायची नाही’ असं बोलून गेलं, की खरेदी निष्प्रभ ठरायची. समन्स कुणाच्या हाती पडलं, तारीख कुणी सांगितली, ‘तू नको येऊस, मी बघतो’ असं कोण म्हणालं, याची नोंद दप्तरात सापडत नाही. सापडतो तो फक्त शेरा: कूळ गैरहजर. पुढे १९६९ साली सरकारला आणखी एक दुरुस्ती करावी लागली. १५ जून १९५५ रोजी जमीन ताब्यात असूनही १ एप्रिल १९५७ च्या आत ज्या कुळांना मामलेदाराच्या हुकमाविना बाहेर काढलं गेलं, त्यांची जमीन अजून मालकाकडेच असेल आणि शेतीखालीच असेल, तर ती परत देण्याची तरतूद झाली. बेकायदा हुसकावणी किती झाली असेल याचा अंदाज बांधायला एवढं पुरे. बारा वर्षांनी मागे वळून कायदा करायची पाळी काही उगाच येत नाही.

आपल्या भागाची आणखी एक भानगड लक्षात ठेवावी लागते. सांगली जिल्हा मुळात सातारचाच. १ ऑगस्ट १९४९ रोजी तो ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यात ब्रिटिश मुलखातली गावं होती तशीच सांगली, मिरज, जत, औंध या संस्थानांतलीही होती. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांची जुनी कागदपत्रं वेगवेगळ्या दप्तरांत आणि वेगवेगळ्या रिवाजांत मिळतात. इनामं निराळी, देवस्थानच्या जमिनी निराळ्या. देवस्थान ट्रस्टच्या जमिनीला सवलतीचं सर्टिफिकेट असेल, तर कुळाला ती विकत घेण्याचा हक्क मिळत नाही. पण म्हणून पंचमंडळींनी ठराव करून त्याला उद्या उठवावं असंही होत नाही. हा फरक देवळाच्या ओट्यावर कोणी सांगत नाही. याच मुलखात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावातच न्याय करून तंटे मिटवले होते. नंतर न्याय कचेरीत गेला आणि कचेरीत कागद बोलतो.

फौजी माणसाचं प्रकरण तर खास सातारचंच म्हणायला हवं. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे मालकही फौजेत आणि कूळही फौजेत असं सहज आढळतं. सैन्यात असलेल्या किंवा राहिलेल्या मालकाला जमीन स्वतः कसण्यासाठी परत मागता यावी म्हणून कायद्यात वेगळं प्रकरण घातलं गेलं. देशासाठी बंदूक धरलेल्याची जमीन गावात परस्पर जाऊ नये, हा हेतू रास्तच आहे. फक्त त्या प्रकरणाखाली आलेली नोटीस म्हणजे हुकूम नव्हे, हे कुळाने ओळखायला हवं. तिलाही अर्ज आहे, चौकशी आहे, अपील आहे.

आज परिस्थिती उलटी झालेली दिसते. ‘कूळ लागेल’ या धास्तीने मालक कुणाचंच नाव कुठे लागू देत नाहीत. तासगावकडची द्राक्षबाग असो की कृष्णाकाठचा ऊस, रान वाट्याने, खंडाने, तोंडी बोलीवर दिलं जातं. दर वर्षी किंवा दोन वर्षांनी माणूस बदलला जातो. सातबाऱ्यावर पीक मालकाच्या नावाने लागतं. २०२१ पासून पीकपाहणी मोबाइलवर आली. ती खातेदाराच्या नावाने भरली जाते, आणि प्रत्यक्ष राबणाऱ्याचं नाव कुठेच उमटत नाही. खातेदाराशिवाय दुसरा कोणी जमीन कसत असेल, तर त्याची नोंद घेण्यासाठी नमुना १४ पूर्वीपासून आहे. पण त्यासाठी तहसीलदारांपर्यंत, म्हणजे पूर्वीच्या मामलेदारांपर्यंत, अर्ज जावा लागतो, आणि तो अर्ज करणारा माणूस पुढच्या हंगामात त्याच रानात दिसेल याची खात्री कोण देणार? हा पेच खरा आहे आणि कुठल्याही पुस्तकाने तो सुटणार नाही. मात्र हंगामाच्या मधोमध, उभ्या पिकातून कुणी हाकललं, तर हात बांधून बसायचं कारण नाही. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा अजून जिवंत आहे. शेतजमिनीवरून बेकायदा काढून टाकल्यास सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावता येतो. आपण कूळ आहोत हेच ठरवून घ्यायचं असेल तर कूळ कायद्याच्या कलम ७० (ब) खाली अर्ज आहे. कूळ म्हणून ताबा परत हवा असेल तर कलम २९ आहे, त्याला मुदत दोन वर्षांची. कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी कोर्टाला नाही. तो प्रश्न निघाला की कोर्टाला तो तहसीलदारांकडेच पाठवावा लागतो. कितीतरी माणसं हे न कळल्याने मनाईहुकमाच्या दाव्यात चार-पाच वर्षं घालवतात आणि तोवर दोन वर्षांची मुदत निघून गेलेली असते.

आता गावातून पेठेत येऊ. सातारच्या पेठा, सांगलीचा गावभाग, मिरज, कराड, वाई: जुन्या वाड्यांतून पन्नास-साठ वर्षं राहणारी भाडेकरू कुटुंबं इथे जागोजाग आहेत. रस्त्याकडेच्या खोल्यांत किराणा, शिलाई, घड्याळदुरुस्ती, आणि आत मालकाची सून तुळशीला पाणी घालते आहे. एकाच छपराखाली दोन पिढ्यांचं सख्य असतं आणि तिसऱ्या पिढीत वैर. मी इथे मालकाला खलनायक करणार नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि ती तशीच राहिली. कौलं फेरायला हजारो रुपये लागत होते तेव्हा भाडं वीस-पंचवीस रुपये येत होतं. वाडे पडले त्याला पाऊस जितका कारण, तितकाच हा कायदा. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक काळाच्या ओघात अन्यायाची झाल्याचं स्पष्ट म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. यात मालकाला दर वर्षी चार टक्के वाढ मिळाली. भाडेकरूचं मूळ कवच मात्र शाबूत राहिलं: कायद्यात लिहिलेल्या कारणाशिवाय आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय ताबा नाही.

प्रकरण सुरू होतं ते नोटिशीने. इथे एक खुळचट समज घरोघर आहे, की नोटीस घेतली नाही तर ती लागू होत नाही. पोस्टमन दारात येतो, पाकिटावर वकिलाचा शिक्का दिसतो आणि घरातलं जाणतं माणूस म्हणतं, ‘आमचं नाही म्हणून सांग.’ पोस्टमन पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ते परत पाठवतो. झालं. कायद्याच्या दृष्टीने नोटीस बजावली गेली. आत काय लिहिलं होतं हे मालकाला माहीत, वकिलाला माहीत, उद्या कोर्टालाही माहीत होणार. माहीत नाही ते फक्त आपल्याला. पाकीट घ्यावं, तारीख टाकून जपावं, पाकिटासकट जपावं. नोटिशीला उत्तर द्यावं, आणि उत्तरात ‘रागाच्या भरात’ काही कबूल करू नये, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

भाडं थकल्याची नोटीस असेल तर कायदा भाडेकरूला चांगलीच उसंत देतो. थकबाकीची लेखी मागणी केल्यावर नव्वद दिवस गेल्याशिवाय मालकाला दावाच लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत सगळी थकबाकी, त्यावर द.सा.द.शे. पंधरा टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढचं भाडं नेमाने भरत राहिलं, तर या कारणावर ताबा जात नाही. कळीचा शब्द ‘नेमाने’ हा आहे आणि घात तिथेच होतो. ‘आता केस चालू आहे, निकाल लागेल तेव्हा बघू,’ म्हणून माणसं भाडं भरायचं थांबवतात. जिंकलेली केस अशी हातातून घालवलेली मी पाहिली आहे आणि वकिलाला विचाराल तर तो अशा डझनभर सांगेल. मालक भाडं घेत नसेल तर पूर्वी मनिऑर्डर करायचे आणि ‘नाकारले’ शेऱ्याची परत आलेली पावती जपायचे. आता बँकेतून पाठवता येतं. परत आलं तरी खात्यावर नोंद राहते. भाड्याची पावती देणं हे मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे, हे अजून कित्येकांच्या गावी नाही. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने मांडलेला हिशेब घरात चालतो, साक्षीच्या पिंजऱ्यात मालक तो ओळखायचंच नाकारतो.

थकबाकी सोडली तर उरलेली कारणं कलम १६ मध्ये आहेत. परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू ठेवणं, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने जागा विनाकारण बंद ठेवणं, मालकाची स्वतःची खरी गरज, इमारत पाडून नवी बांधणं, वगैरे. पोटभाडेकरूच्या बाबतीत भाडेकरूची बाजू घ्यायला मला जड जातं. चाळीस रुपये भाड्याचा गाळा दुसऱ्याला ‘चालवायला’ देऊन महिन्याला हजारो रुपये घेणारे भाडेकरू आपल्या बाजारपेठांत आहेत, आणि त्यांच्यामुळे सच्च्या भाडेकरूकडेही कोर्ट संशयाने बघतं.

मालकाची गरज हे कारण सगळ्यात जास्त वापरलं जातं. मुलाला दवाखाना काढायचा आहे, पुतण्याला दुकान थाटायचं आहे. गरज खरी की बनाव हे कोर्ट तपासतं, आणि ती खरी ठरली तरी पुढचा प्रश्न उरतो: ताबा दिला तर भाडेकरूचे हाल जास्त, की न दिला तर मालकाचे? भाडेकरूचे हाल जास्त ठरले तर हुकूम देता येत नाही. अर्ध्या जागेपुरता हुकूम देऊन दोघांची सोय होत असेल तर तसाही देता येतो. ‘मला दुसरी जागा मिळत नाही’ हे नुसतं म्हणून चालत नाही. किती ठिकाणी विचारलं, काय भाडं सांगितलं, मुलांची शाळा किती लांब पडेल, हे सगळं पुराव्याने मांडावं लागतं. गरजेपोटी ताबा घेऊन महिनाभरात मालक तिथे आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्याने ती जागा दुसऱ्याला दिली, तर जुन्या भाडेकरूला तेरा महिन्यांच्या आत कोर्टात जाऊन ती परत मागता येते. ही तरतूद इतकी कमी वापरली जाते की बऱ्याच मालकांनाही ती माहीत नसावी.

मूळ भाडेकरू वारला की ‘करार तुझ्या वडलांशी होता’ हे वाक्य हमखास येतं. ते चूक आहे. मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे घराची भाडेकरी जाते आणि सोबत धंदा करणाऱ्याकडे दुकानाची. सोबत राहत होतो हे दाखवायला रेशनकार्ड, मतदारयादी, गॅसचं पुस्तक, मुलांचे शाळेचे दाखले हे सगळं चालतं. विधवा सुनेच्या हातात यातलं काही नसतं, कारण सगळं सासऱ्याच्या नावाने असतं. मयत झाल्यावर पहिल्या महिन्यातच तिच्या नावाने भाडं पाठवायला लागावं.

सांगलीत या सगळ्यावर कृष्णेचं पाणी येतं. २००५, २०१९, २०२१. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरलं की मातीच्या भिंती फुगतात, खालचे दगड सुटतात आणि महापालिकेच्या धोकादायक इमारतीच्या नोटिसा लागू लागतात. सातारा, कराड, वाईसारख्या नगरपालिकांच्या गावांत हेच काम पालिका करते. इमारत खरोखर कोसळायला आली असेल तर जीव आधी, यात वाद नाही. मुलाबाळांना घेऊन हट्टाने आत बसण्याचा सल्ला कोणी देऊ नये. पण घर रिकामं करणं म्हणजे भाडेकरी सोडणं नव्हे. वास्तू पडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ साली सांगितलं आहे. म्हणून बाहेर पडताना खोलीचं माप, फोटो, भाड्याच्या पावत्या आणि महापालिकेला दिलेलं लेखी पत्र, की जागा सुरक्षेसाठी सोडतो आहोत, हक्क सोडलेला नाही, हे बरोबर असावं. नवीन इमारतीसाठी म्हणून ताबा मागणाऱ्या मालकालाही पैशाची तयारी, आराखडे आणि जुन्या भाडेकरूंना जागा देण्याची हमी कोर्टाला दाखवावी लागते. पुरानंतर दुकान चार-सहा महिने बंद राहिलं की ‘सहा महिने वापर नाही’ हे कारण पुढे येतं. तिथे ‘सबळ कारणाशिवाय’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, आणि तलाठ्याने केलेला पंचनामा हा त्याचा सगळ्यात चांगला पुरावा. पंचनाम्यावर दुकानदार म्हणून कुणाचं नाव लागलं आहे ते तिथल्या तिथे वाचून घ्यावं.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या नव्या फ्लॅटमध्ये किंवा साताऱ्यात शिकायला-नोकरीला आलेल्या माणसाच्या हातात मात्र बहुधा यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे अकरा महिन्यांचा करार असतो, लीव्ह अँड लायसन्सचा. तो भाडेकरू नाही, परवानाधारक आहे. मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. करारात लिहिलेली गोष्ट तिथे निर्णायक पुरावा धरली जाते, बाजू मांडण्याची परवानगी समन्सपासून तीस दिवसांत मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट शुल्क बसू शकतं. अशा माणसाला ‘कोर्टात वर्षानुवर्षं लांबव’ असं सांगणारा मित्र त्याचं नुकसान करतो. अकरा महिने ठेवले म्हणजे नोंदणी लागत नाही हाही गैरसमज आहे. भाडेनियंत्रण कायद्याखाली करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल जागा घेणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरेपर्यंत. सहीपूर्वी करार घरी आणून वाचायला मागणं यात उद्धटपणा नाही. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या गाळ्यांना तर भाडेनियंत्रण कायदा लागूच नाही. तिथली लढाई पालिकेच्या कायद्यातली, आणि ती बहुतेक वेळा ‘नोटीस दिली का, म्हणणं ऐकलं का’ एवढ्यावर उभी राहते.

कुलूप बदलणं, पाणी तोडणं, मीटरची वायर काढणं हे प्रकार कोर्टाच्या वाटेला न जाणाऱ्या मालकांचे. पाणी-वीज तोडायला कायद्याची मनाई आहे आणि ती पुन्हा सुरू करून देण्याचा हुकूम कोर्ट देतं. बेकायदा बाहेर काढलेल्याला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत ताबा परत मागता येतो. तिथे मालकी कुणाची हा प्रश्नच निघत नाही, कालपर्यंत आत कोण होतं एवढंच बघतात. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असं सांगतील. तरी लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, कारण अमुक तारखेला कुलूप बदललं याचा तोच पहिला कागद ठरतो.

दावा चालतो तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे. वकीलपत्र दिलं म्हणजे काम संपलं असं नाही. कैफियत तीस दिवसांत द्यायची, फार तर नव्वद. नाही दिली तर ‘नो डब्ल्यू. एस.’चा, म्हणजे कैफियत आली नाही असा, हुकूम होतो आणि मालकाचं म्हणणं एकतर्फी पुढे सरकतं. तारखा आता मोबाइलवर दिसतात, केसचा सीएनआर नंबर जवळ ठेवावा आणि वकिलावर विश्वास ठेवूनही स्वतः बघत राहावं. एकतर्फी हुकूम झाला तर कळल्याबरोबर तीस दिवसांच्या आत तो रद्द करून घ्यायचा अर्ज करावा. लोकअदालतीत तडजोड करताना दहादा वाचावं, कारण त्या निवाड्यावर अपील नाही. १९५० च्या राजीनाम्यातला अंगठा आज बऱ्याचदा तडजोडीच्या पुरसिशीवर, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी निवेदनावर, उमटतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कमी उत्पन्नाचे आणि पुरासारख्या आपत्तीत सापडलेले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. सातारा आणि सांगली दोन्हीकडे ते कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे. पूरग्रस्ताला उत्पन्नाचा दाखला विचारून परत पाठवलं, तर त्याने पंचनामा पुढे करावा.

हुकूम विरुद्ध गेला तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. स्थगिती मिळते, पण फुकट नाही: आजच्या बाजारभावाने दरमहा रक्कम भर अशी अट कोर्ट घालू शकतं, आणि चाळीस रुपयांची सवय झालेल्याला ती झेपत नाही. अपील करण्याआधीच हा हिशेब मांडावा. जमिनीच्या प्रकरणात अपील प्रांतांकडे, पुढे महसूल न्यायाधिकरणाकडे. त्यानंतर दोघांनाही उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. मुंबईच्या तारखेला जायचं म्हणजे रात्रीची गाडी, लॉजचं भाडं आणि दोन दिवसांचा धंदा बुडवणं, म्हणून कितीतरी कुळं आणि भाडेकरू जिल्ह्यातच हार मानून मोकळे व्हायचे. आता सांगलीहून सकाळच्या एसटीने निघून संध्याकाळी घरी येता येतं. मालकालाही येता येतं, हे धरूनच वकील करावा.